कापसावर बसलेली भुलाबाई

आमच्या घरात शेणपाणी, धुणीभांडी, वेचणी ही कामं सगळ्यांच्याच वाट्याला होती, पण एक काम फक्त माझं होतं. मोठेबाबा आणि माय एकमेकांशी बोलत नसत, आणि त्या दोघांच्या मधे मी बोलत असे. भांडण बिंडण काही नव्हतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे भासरे. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ते घरी येताना अंगणातूनच मोठ्यानं खाकरायचे. ते खाकरले की माय पदर पुढे ओढायची आणि सैपाकघराच्या दाराआड सरकायची. मग ते सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या मोठ्या पडवीत, बाजेवर बसून मला म्हणायचे, "तुह्या मायले इचार, भाकर झाली काय?" माय तिथेच, दाराच्या फळीमागे उभी. तिला सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी तोंड वळवून विचारायचे, "माय, भाकर झाली काय?" ती म्हणायची, "सांग त्यायले, तव्यावर हाय." तेही त्यांना ऐकू गेलेलं असायचं. तरी मी परत तोंड वळवायचे. माझ्या तोंडून निघाल्याशिवाय तो शब्द त्या घरात बोलला गेला असं धरलंच जात नसे. माझ्या सुनेला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. हसू दे. तिच्या घरात नवराबायको शेजारच्या खोलीतून एकमेकांना मोबाईलवर निरोप धाडतात, त्याला मी कधी हसले नाही.

यवतमाळकडच्या नेरच्या अलीकडे आमचं गाव. घर मोठेबाबांच्या शब्दावर चालायचं. त्यांची बायको, मोठीमाय, मी जन्मायच्या आधीच गेली होती, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि सगळा जीव त्यांनी वावरात ओतला होता. त्यांना रिकामं बसलेलं माणूस दिसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "बसलेला मानूस अन् वावरातलं तण, दोन्ही उपटून फेकाव," असं ते म्हणायचे आणि बोलताना माझ्याकडेच पाहायचे, कारण मी चांगली बसणारी होते. बाबा, माझे वडील, कोणाच्याच मधे नसत. बैल, बंडी म्हणजे बैलगाडी, आणि तंबाखूची चंची एवढ्यात त्यांचं जग होतं. आणि माय? माय पहाटे उठायची तेव्हा गोठ्यातले बैलही बसलेले असायचे. सडा, दूध, चूल. परातीवर भाकर थापल्याचा तो धपधप आवाज माझ्या झोपेतच सुरू व्हायचा, आणि मिरच्या भाजल्याचा ठसका नाकात गेला की समजायचं, आता उठलंच पाहिजे. शिदोरीला भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी, कधी तुरीचं घट्ट वरण. मग दिवसभर वावर. संध्याकाळी परत चूल, आणि जेवणं झाली की वेचून आणलेल्या कापसातून पाचोळा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत बसायचं. काम सरायचं नाही. सरलं असं वाटायचं तेवढ्यात कोणीतरी खाकरायचं.

तरी पण दर वर्षी पावसाळा सरता सरता माय एक गोष्ट चोरून करायची. नाल्याच्या काठची चिकण माती ओच्यात आणायची, त्यात चिमूटभर कापूस कालवायची, म्हणजे वाळताना भेगा पडत नाहीत, आणि भुलोजी-भुलाबाईची जोडी घडवायची. शंकर-पार्वतीच, पण आमच्या पोरींच्या खेळातले. गावातल्या बाकी घरी नेरहून रंगवलेली जोडी विकत यायची. आमची भुलाबाई दर साली वेगळी. एका साली तिचं नाक मायच्या नणंदेसारखं निघालं होतं, एका साली ती चक्क हसत होती. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून तिला बसवायचं आणि संध्याकाळी पोरींनी घरोघर फिरून गाणी म्हणायची. नेहमीची गाणी सगळ्यांनाच यायची. पण मायला नवी रचायचा नाद होता. ती स्वतः कधी म्हणायची नाही. लग्न झालेल्या बाईनं, त्यातून घरात भासरे असताना, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची म्हणजे काय! ती चुलीशी बसून हळूच मला ओळी सांगायची आणि मी बाहेर जाऊन त्या आपल्या म्हणून ठोकून द्यायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, काय डोकं हाय पोरीले. माय आत पिठात हात घालून ऐकत असायची.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी कापूस एकदम फुटला. महिनाभराची भुलाबाई तर मूग-उडदाच्या गडबडीत आधीच बुडाली होती. राहिले होते दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतचे दिवस, ज्यांना महिना जमत नाही ते तेवढेच खेळतात. पण मोठेबाबांना त्या साली एक वेड लागलं होतं. गावातून नेरच्या जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, पहिली बंडी आपली गेली पाहिजे. पहिल्या बंडीच्या बैलांना तिथे हार घालत, नारळ फोडत, आणि मागच्या साली तो मान वरच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी नेला होता. म्हणून घरातलं प्रत्येक हात असलेलं माणूस वावरात. कमरेला ओटी बांधून अंधार पडेस्तोवर वेचायचं, घरी येऊन निवडायचं. सपरीत कापसाचा ढीग छताकडे निघाला होता. दसऱ्याच्या सकाळीच त्यांनी मला बोलावलं. "तुह्या मायले सांग, औंदा भुलाबाई-बिलाबाई काही नाही. टाइम कोनाले हाय?"

आता मी म्हातारी झाले, यवतमाळात तिसऱ्या मजल्यावर राहते, तेव्हा हे बेधडक लिहिते: पहिली बंडी नेणं हाही खेळच होता. कापूस चार दिवस उशिरा गेला असता तर काही बिघडत नव्हतं, तो काही सपरीत बसून सडत नव्हता. हार, नारळ, चार लोकांत मिशीला पीळ, यासाठी सगळं चाललं होतं. पण पुरुषाच्या खेळाला कोणी खेळ म्हणत नाही, त्याला कामच म्हणतात, आणि बाईच्या खेळाला टाइमपास. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी मागच्या आश्विनात मला म्हणाले, आजी, पार्किंगमध्ये भुलाबाई नको, गाड्या काढायला अडचण होते. मी म्हटलं, तुम्ही क्रिकेटची मॅच पाहायला तिथेच पडदा लावला होता ना? दोन गाड्यांच्या मधे बसवली मी भुलाबाई. सुनेनं सांगितलं होतं, आई, मला वेळ नाही हं. तीच ऑफिसची पिशवी खांद्याला तशीच ठेवून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होती.

तर मी तो निरोप मायला दिला. दुपारी वावरात आम्ही तिघी एका ओळीत वेचत होतो, मी, माय आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची शेवंती. शेवंती माझ्याच वयाची, तिच्या घरची वेचणी सरली की आमच्याकडे यायची. तिला मी रडत रडत सांगितलं की औंदा भुलाबाई नाही, आणि दिवाळीनंतर तर मला पाहायला पाहुणे येणार आहेत, म्हणजे पुढच्या साली मी या घरात असेन की नाही कोणास ठाऊक. लग्न झालं की खेळ संपला, हे मायकडे पाहून मला कळत होतं. शेवंती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तांड्यावर श्रावणात पोरींची तीज असते, टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गातात, नाचतात. ती म्हणाली, "आमची याडी तीजेत मले कामाले हात लावू देत नाही. बाप बोलला त त्याच्यावर धावून जाते. तुही माय काहून चूप राह्यते?"

याडी म्हणजे आई. मी घाबरून मायकडे पाहिलं. माय वेचतच होती. ती बोंडाकडे पाहत म्हणाली, "मी बी ठरवलं होतं, सासरी गेल्यावर काम सरलं की खेळीन. इतके वर्सं झाले, सरून राह्यलं नाही." मग थोडं पुढे सरकली आणि म्हणाली, "काम सरल्यावर खेळू म्हनशीन त बाई, तू मशानात जाशीन तरी काम उरन." एवढं बोलून ती नाल्याकडे गेली. आली तेव्हा ओच्यात माती होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठेबाबा बाजेवर बसले होते. बाबा बंडीची दावी-दोर पाहत होते, कारण पहाटेच कापूस भरून नेरला निघायचं ठरलं होतं. आतून मायचा आवाज आला. "मोठेबाबाले इचार, भुलाबाईचा कोनाडा त कापसानं झाकला. बाई बसवू कुठं?" मी विचारलं. मोठेबाबांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते भडकले. "एकदा सांगतलं न, नाही म्हनून! लयच हौस असन त बसव म्हना कापसावर!" आणि धोतराचा सोगा सावरत ते गावात निघून गेले. मी तोंड वळवून मायला म्हणाले, "कापसावर बसव म्हनते." माय म्हणाली, "बरं."

आणि तिनं बसवली. मी, शेवंती आणि शेजारच्या दोन पोरी, आम्ही ढिगावर चढून मधे खळगा केला, त्यात पाट ठेवला, पाच धांडे उभे करून शेंड्याला बांधले. माती अजून ओली होती. त्या सालच्या भुलाबाईच्या कपाळावर आठी होती. मायनं ती मुद्दाम काढली की बोट घसरलं, मला माहीत नाही. कुंकू लावलं, दिवा मात्र खाली जमिनीवर, लांब ठेवला, कापसाचं भान होतंच तिला. आम्ही गाणी म्हटली, मायनं दिवा आत नेला आणि पोरी पळाल्या. मोठेबाबा आले तेव्हा सपरीत अंधार होता, ते जेवून बाहेर अंगणात झोपले, त्यांना काही दिसलं नाही.

दिसलं ते सकाळी. बंडी दारात लागली होती, बैलांच्या गळ्यात घागरमाळा, शिंगांना गेरू. शेजारचे दोघे कापूस भरायला आले होते. मोठेबाबा खाकरत सपरीत शिरले आणि थांबले. पांढऱ्या ढिगाच्या माथ्यावर काळ्या मातीची बाई आठी घालून त्यांच्याकडे पाहत होती. आमच्याकडे बसलेली भुलाबाई कोजागरीआधी हलवत नाहीत. हे गावातलं लहान पोरगंही जाणतं, आणि मोठेबाबा जाणत होतेच. त्यांचा चेहरा तांबडा झाला. शेजारचे दोघे जमिनीकडे पाहू लागले. "तुह्या मायले सांग," ते म्हणाले, आवाज खाली होता आणि म्हणून जास्त भेसूर होता, "ते बाई उचल. आत्ताच्या आत्ता."

मी तोंड वळवलं. "माय, बाई उचल म्हनते." दाराच्या फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. बाबा हातात दोर घेऊन तिच्याचकडे पाहत होते, गरीब डोळ्यांनी, की होऊ दे बाई, कायले तमाशा. मायचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. रात्री ढिगावर भुलाबाई बसवणारी माय कुठे गेली कोणास ठाऊक. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सांग त्यायले, उचलतो."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. मोठेबाबांना, बाबांना, शेजारच्यांना. मोठेबाबांचा हात मिशीकडे गेलासुद्धा. आता फक्त माझं तोंड वळायचं बाकी होतं. मला त्या घटकेला भीती वाटली नाही, राग आला. असा राग पुन्हा आयुष्यात थोड्याच वेळा आला. तिनं चुलीशी बसून रचलेल्या आणि माझ्या नावावर खपलेल्या सगळ्या ओळी, तिचं ते पिठात हात घालून ऐकणं, आणि आता तिच्या हातची बाई तिनंच उचलायची. मी मोठेबाबांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माय म्हनते, बसलेली भुलाबाई कोजागरीशिवाय हालत नाही."

मोठेबाबा माझ्याकडे पाहत राहिले. ते काय म्हणणार होते? तू खोटं सांगतेस, तुझी माय उचलते म्हणाली, हे त्यांना म्हणता येत नव्हतं. कारण मग त्यांनी लहान भावाच्या बायकोचा आवाज ऐकला होता, असं चार लोकांत कबूल करावं लागलं असतं, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांचीच रीत, त्यांच्याच पायात आली. शेवटी ते म्हणाले, "तिले इचार, हे तिचं म्हननं हाय काय?"

मी दाराकडे वळले. विचारायची हिंमत झाली नाही, नुसती पाहत राहिले. माय एक शब्द बोलली असती की पोरगी वेडी आहे, तर माझी पाठ फुटली असती आणि भुलाबाई ढिगावरून खाली आली असती. बांगड्या वाजल्या. तिनं पदर पुढे ओढला. मग फळीमागून तिचा आवाज आला, बारीक नव्हता. "सांग त्यायले, सांगतलं न एकदा."

बंडी गेली नाही. वरच्या मोहल्ल्याची बंडी दुसऱ्या दिवशी गाजावाजा करत आमच्या दारावरून गेली आणि हार त्यांच्या बैलांना पडला. गावात बातमी फिरली की यांची पोरगी तोंडाळ आहे, निरोपातही भर घालते. दिवाळीनंतर येणारे पाहुणे ते ऐकून आलेच नाहीत. मी त्यांची आजन्म आभारी आहे, कारण त्यामुळे मला शाळेची आणखी काही वर्षं मिळाली. माय त्या निरोपाच्या दिवशी वावरात माझ्याशी एवढंच बोलली, "निरोपात मीठ टाकत जाऊ नको." मग ओटी रिकामी करता करता म्हणाली, "पन आज चांगलं लागलं."

कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी सपरी पोरींनी भरून गेली. शेवंती तिच्या तांड्यावरच्या दोघींना घेऊन आली होती. कापसावर भुलाबाई, खाली आम्ही, अंगणात बाजेवर टोपी घालून मोठेबाबा, पाठ आमच्याकडे करून. चार-पाच गाणी झाली तेव्हा माय सैपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं. ते तिनं लुगड्याला पुसलं आणि आमच्या रांगेत, शेवंतीच्या बाजूला येऊन बसली. माय कोणाकडेही न पाहता टाळी वाजवायला लागली आणि तिनं सुरू केलं. मला न सांगता रचलेलं तिचं पहिलं गाणं ते.

"भासऱ्याच्या टोपीत बाई चिमणीनं केलं घर गं,
बंडी नका जुपू दादा, पिल्लं निजली वर गं."

अंगणात मोठेबाबा जोरात खाकरले. ते ऐकून माय दाराआड सरकायची, ही सवय तिच्या हाडात होती. तिचा हात पदराकडे गेला, पदर पुढे आला, पण ती जागची हलली नाही. मोठेबाबांची पाठ तशीच होती. "पोरी," त्यांनी मला हाक मारली, "तुह्या मायले सांग, माह्या टोपीत चिमनी-बिमनी काही नाही." मी तोंड वळवलं. माय म्हणाली, "सांग त्यायले, काढून पाहा म्हना मंग."

मी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचा हात खरंच टोपीकडे गेला. मग आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो झटक्यानं खाली घेतला. गोठ्याच्या दारात उभे असलेले बाबा तोंडावर हात ठेवून हसत होते, कधी न हसणारे बाबा. मोठेबाबा चिडून उठले. "इचार तिले, आज चूल पेटवाची हाय का नाही? मानसं भुकेनं मरतीन अठी!"

"सांग त्यायले," माय टाळी न थांबवता म्हणाली, "अजून दोन गाने बाकी हाय."

ती दोन्ही आम्ही म्हटली. मग मायला तिसरं सुचलं, तेही म्हटलं. चूल फार उशिरा पेटली. कोणी मेलं नाही.